ठोसा पायातून निघतो

बोरी अरब हे दारव्हा तालुक्यातलं अडाण नदीकाठचं गाव. शिवारात कापूस, तूर आणि सोयाबीन. अशा गावात कबड्डीचं मैदान असतं, शाळेच्या पटांगणात धावण्याच्या शर्यती होतात, कुठे जुनी तालीम तग धरून असते. बॉक्सिंगची रिंग मात्र सहसा नसते. मोबाइल सगळ्यांकडे असतो, त्यामुळे हा खेळ आज गावच्या पोट्ट्यांपर्यंत पोहोचतो तो प्रशिक्षकाच्या आधी व्हिडिओतून. व्हिडिओत समोरच्याला आडवा करणारा शेवटचा ठोसा दिसतो, त्याआधी दोन-तीन वर्षं घोटवलेलं पायांचं काम दिसत नाही. मग पोरगं निंबाच्या फांदीला पोतं टांगतं, त्यात रेती भरतं आणि उघड्या मुठीने ते बदडायला लागतं. थोड्याच दिवसांत मनगट सुजतं आणि बॉक्सिंग तिथेच संपतं. ते नाही संपलं, तर मित्राला समोर उभं करून ‘मार, बघू’ सुरू होतं, आणि ते जास्त वाईट.

हा लेख अशा पोरांसाठी आहे, पोरींसाठी आहे, आणि त्यांच्या मायबापांसाठी व शाळेतल्या सरांसाठीही. माझं म्हणणं एवढंच की बॉक्सिंगचा निम्मा भाग गावात, रिंगशिवाय आणि प्रतिस्पर्ध्याशिवाय चांगला शिकता येतो. उरलेल्या निम्म्या भागाला जाणत्या प्रशिक्षकाशिवाय हातही लावू नये. दुसऱ्याची मूठ तुमच्या डोक्याकडे येऊ लागली, की पहिला भाग संपला असं धरून चालावं.

विदर्भाला हा खेळ परका नाही. अकोल्याची शासकीय क्रीडा प्रबोधिनी बॉक्सिंगसाठी ओळखली जाते. नागपूरच्या एका पोलीस कुटुंबातली अल्फिया पठाण आधी दुसरे खेळ करून पाहून मग रिंगमध्ये उतरली. एप्रिल 2021 मध्ये पोलंडमधल्या किएल्से शहरात झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत तिने 81 किलोवरील गटाचं सुवर्णपदक जिंकलं. त्या स्पर्धेत भारताच्या सात मुलींनी सुवर्ण मिळवलं, त्यातली ही एक. पुढच्या वर्षी कझाकस्तानात एलोर्डा कपच्या अंतिम सामन्यात तिने 2016 ची जगज्जेती लज्जत कुंगेइबायेवा हिला हरवलं. त्याच 2022 मध्ये पुण्याच्या देविका घोरपडेने स्पेनमधल्या ला नुसिया इथे 52 किलो गटात जागतिक युवा सुवर्ण जिंकलं. त्यामुळे ‘हा आपल्याकडचा खेळ नाही’ किंवा ‘मुलींचा खेळ नाही’ यातलं काहीच आता म्हणायला जागा नाही. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या कितीतरी पिढ्या तिथून बाहेर पडल्या. शरीर कमावण्याची आवड या मुलखाला होतीच. बॉक्सिंगला मात्र कमावलेल्या दंडापेक्षा वेगळं काही लागतं.

सोव्हिएत संघातल्या संशोधकांनी 1980 च्या दशकात शंभरावर बॉक्सरांचे सरळ ठोसे मोजले होते. ठोशाच्या जोरात पायांचा, धडाचा आणि हाताचा वाटा किती, हे त्यांना पाहायचं होतं. वरच्या दर्जाच्या बॉक्सरांमध्ये पायांचा वाटा सुमारे 38 टक्के निघाला आणि हाताचा 24 टक्के. नवशिक्यांमध्ये आकडे उलटे होते, हाताचा 38 टक्के आणि पायांचा जेमतेम 16. नवशिका हाताने मारतो, मुरलेला बॉक्सर जमिनीला पाय रेटून मारतो. मागच्या पायाची टाच वळते, कंबर फिरते, खांदा पुढे येतो आणि सगळ्यात शेवटी मूठ पोहोचते. म्हणून बायसेप्स फुगवून ठोसा वाढत नाही.

1985 मध्ये इंग्लंडच्या फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा शास्त्रज्ञांनी मोजला. निघाल्यापासून एक दशांश सेकंदात मूठ जवळपास अर्धा मीटर गेली, आदळताना तिचा वेग सेकंदाला 8.9 मीटर होता आणि जोर 4,096 न्यूटन, म्हणजे चारशे किलोच्या भाराइतका. जोरापेक्षा नवशिक्याने त्या एक दशांश सेकंदाकडे नीट पाहावं. डोळ्यांनी काही दिसून त्यावर हात हलायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे सुटलेला ठोसा बघून तो अडवणं जवळपास अशक्य. चांगले बॉक्सर ठोसे ‘चुकवतात’ असं दिसतं, पण खरं तर ते ठोशाच्या टप्प्यात थांबत नाहीत, समोरच्याच्या खांद्या-कमरेची हालचाल आधीच वाचतात, आणि त्यांचे हात मुळातच हनुवटीजवळ असतात. टप्प्यातून बाहेर राहणं हे पायांचं काम आहे. माराचा जोर पायांतून येतो आणि बचावही पायांनीच होतो. पहिले दोन महिने फक्त पायांना द्यावेत, असं म्हणतात ते यासाठी.

उभं राहण्यापासून सुरुवात करू. उजव्या हाताचा माणूस असेल तर डावा पाय पुढे, उजवा मागे. दोन्हींमध्ये खांद्याएवढं अंतर. शाळेच्या मैदानावर चुन्याची सरळ रेघ ओढा आणि एक पाय रेघेच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला ठेवा. दोन्ही पाय एकाच रेघेवर आले की बाजूने नुसता धक्का लागला तरी तोल जातो. मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल. हनुवटी खाली, जणू गळ्याशी लिंबू धरलंय. कोपरं बरगड्यांना लागून, मुठी गालांच्या उंचीवर. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं करायचं. कुस्ती केलेल्या पोराला हे जड जातं, कारण तो समोरासमोर, खाली वाकून, हात पुढे पसरून उभा राहतो, आणि बॉक्सिंगमध्ये तसं उभं राहणं म्हणजे हनुवटी ताटात वाढून देणं.

चालण्याचा नियम साधा. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी. डावीकडे सरकताना डावा आधी, उजवीकडे उजवा. पाय कधीही एकमेकांना ओलांडत नाहीत, दोन पायांतलं अंतर कायम राहतं आणि उड्या न मारता पाय घासत सरकायचं. ऐकायला सोपं वाटतं, तीन मिनिटं सलग करून पाहिलं की कळतं. कबड्डी खेळणाऱ्यांना इथे आयता फायदा मिळतो. चढाई करणारा खेळाडू टच करून त्याच वाटेने परत फिरतो, वजन पुढच्या पायावर सांडू देत नाही. बॉक्सिंगच्या जॅब या पहिल्या ठोशाची चालही तीच आहे. स्पर्धेतल्या रिंगची आतली बाजू 6.1 मीटर असते. तेवढा चौकोन चुन्याने आखून त्यात फिरावं. मोकळ्या मैदानात मागे सरकायला जागाच जागा असते आणि त्यामुळे मागे पळायची सवय लागते.

पहिला ठोसा जॅब, पुढच्या हाताचा सरळ. पुढचा पाय वीतभर सरकतो, त्याच क्षणी मूठ गालापासून सरळ सुटते, शेवटी तळहात जमिनीकडे वळतो, खांदा वर येऊन हनुवटी झाकतो, आणि मूठ गेली त्याच वाटेने, त्याच वेगाने परत गालाशी येते. परत येणारा हात गालाऐवजी कमरेशी उतरला की गाल उघडा पडतो, आणि नव्वद टक्के नवशिके तेच करतात (आकडा माझा, अंदाजाचा, पण कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा). दुसरा हात या सगळ्या वेळात हनुवटीशीच राहतो. क्रॉस मागच्या हाताचा. त्यात मागची टाच आणि कंबर फिरली नाही तर तो नुसता हात लांबवणं होतो. हुक (बाजूने वळवून मारलेला) आणि अपरकट (खालून वर मारलेला) हे ठोसे पहिल्या तीन महिन्यांत नाही शिकले तरी चालेल. हुक चुकीच्या कोनात मारून खांदा-कोपर दुखवून घेणारेच जास्त. ठोसा मारताना नाकाने किंवा दातांमधून ‘स्स’ असा श्वास सोडायचा. श्वास कोंडून धरणारा एकाच मिनिटात थकतो.

हे सगळं हवेत करण्याच्या सरावाला शॅडो म्हणतात आणि गावात एकट्याने करण्यासारखा याहून चांगला सराव नाही. आरसा नसेल तर मोबाइल भिंतीला टेकवून एकदा समोरून, एकदा बाजूने चित्रण करावं. स्वतःचा व्हिडिओ पाहणं दुसऱ्याचे शंभर पाहण्यापेक्षा उपयोगाचं.

आता हाताबद्दल, कारण नवशिक्यांची सगळ्यात जास्त हानी इथे होते. हाताच्या पंजात आणि मनगटात मिळून 27 हाडं आहेत. तर्जनी आणि मधल्या बोटामागची तळहातातली हाडं मनगटाशी घट्ट बसलेली असतात, तर अनामिका आणि करंगळीमागची हलती असतात. पहिल्या दोन बोटांच्या उंचवट्यांवर ठोसा बसला, तर जोर सरळ रेषेत मनगटातून कोपराकडे जातो. करंगळीच्या बाजूने बसला, तर तिथलं हाड त्याच्या मानेपाशी, म्हणजे उंचवट्याच्या लगेच मागे, मोडतं. हे हाड मोडून दवाखान्यात येणारे बहुतेक लोक बॉक्सर नसतात. ते रागाच्या भरात भिंतीला, दाराला किंवा कुणाच्या डोक्याला बुक्की मारणारे असतात. अंगठा नेहमी मुठीच्या बाहेर, बोटांवर आडवा ठेवायचा. आत दाबलेला अंगठा पहिल्याच जोराच्या ठोशाला दुखावतो.

हात बांधण्याची पट्टी सुमारे साडेचार मीटर लांब आणि दोन इंच रुंद असते. विकत मिळते. नाही मिळाली तर सुती कापडाची पट्टी शिंप्याकडून कडा दुमडून शिवून घेता येईल. अंगठ्यात फास अडकवून आधी मनगटाला तीन-चार वेढे, मग बोटांच्या उंचवट्यांवर तीन-चार, मग बोटांच्या मधून एकेक फेरा, अंगठ्याला एक, आणि शेवट पुन्हा मनगटावर. बांधताना बोटं फाकलेली हवीत, नाहीतर मूठ वळताना पट्टी आवळते. बोटांची टोकं पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधायचं. पट्टी हाडं एकमेकांशी जखडून धरते आणि ग्लोव्ह धक्का पसरवतो. दोन्ही लागतात. पोत्यावरच्या सरावाला 14 किंवा 16 औंसांचे, म्हणजे 400 ते 450 ग्रॅमचे ग्लोव्ह्ज घ्यावेत. हलके घेऊ नका. स्पर्धेतले 10 औंसांचे ग्लोव्ह्ज सरावाला नसतात.

आणि पोत्यात रेती भरू नका. टांगलेल्या पोत्यातली रेती दोन दिवसांत खाली बसते आणि तळाशी दगड तयार होतो. जुने कपडे आणि चिंध्या कापून, थर देत दाबून भरा. कापसाच्या मुलखात एवढं तर मिळेलच. वजन स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मं असावं, आणि पोत्याचा मध्य छातीच्या उंचीवर यावा. पहिले काही आठवडे निम्म्या जोराने मारायचं. मनगट वाकतंय का, उंचवटे बरोबर बसताहेत का, एवढंच बघायचं. हाताची कातडी, स्नायूबंध आणि हाडं ही फुफ्फुसांपेक्षा फार सावकाश तयार होतात. दम वाढला म्हणून मार वाढवला की हात बोंबलतो.

आठवड्यात तीन दिवस पुरेत. एका दिवसात दहा मिनिटं हलकी धाव आणि सांधे मोकळे करणं, मग तीन मिनिटं दोरीच्या उड्या आणि एक मिनिट विश्रांती असे तीन फेरे, तीन फेरे शॅडो, तीन फेरे पोतं, आणि शेवटी डंड, बैठका व पोटाचे व्यायाम. तीन मिनिटं खेळ आणि एक मिनिट विश्रांती हे माप 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलंय. त्याच नियमांनी ग्लोव्ह्ज सक्तीचे केले आणि खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद दिले. उड्या मातीवर माराव्यात, सिमेंटवर नाही. नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं, तर आठवडाभर उड्या बंद. मानेसाठी कपाळाला, मग कानशिलाला तळहात लावून ढकलायचं आणि मान हलू द्यायची नाही. ताठ मान डोक्याला बसणारा हिसका कमी करते. पैलवानांचा डोक्यावर पूल करण्याचा व्यायाम मात्र कुणी शिकवल्याशिवाय करू नये.

यवतमाळ जिल्ह्याचा उन्हाळा हा वेगळाच प्रतिस्पर्धी. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत सराव सकाळी सातच्या आत संपवायचा. सराव झाला की मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्यावं. लघवी गर्द पिवळी येत असेल, तर पाणी कमी पडतंय. सरावात कुणी बरळायला लागला, चालताना झोकांड्या देऊ लागला आणि अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत 108 ला फोन करायचा. बरं वाटेल म्हणून वाट बघायची नाही.

खाण्याचं फार अवडंबर नको. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दूध, आणि चालत असेल तर अंडी. मेहनत करणाऱ्या खेळाडूला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या मुलाला 75 ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात वीसेक ग्रॅम मिळतात आणि एका अंड्यात सहा. डब्यातली पावडर घ्यायलाच हवी असं नाही. गटात बसण्यासाठी पाणी सोडून, उपाशी राहून, उन्हात स्वेटर घालून पळून वजन उतरवण्याचा प्रकार मात्र पोरांमध्ये पसरतोय. पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटसारखी मुरलेली कुस्तीगीर, जिच्यापाशी तज्ज्ञांचा ताफा होता, तीही रात्रभर खटाटोप करून 100 ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. सोळा वर्षांच्या वाढत्या मुलाने हे करूच नये. ज्या वजनाचा आहे त्या गटात खेळावं.

दुखापती. पंजा किंवा मनगट सुजलं तर पहिले दोन दिवस विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, आणि हात छातीच्या उंचीला. बर्फ नसेल तर गार पाण्याची पट्टी. आंबेहळदीचा लेप लावला तर बिघडत नाही. बिघडतं ते चोळल्याने. आपल्याकडे मुरगळलं की आधी हाडवैद्याकडे किंवा चोळून देणाऱ्या आजीकडे नेतात. हाड मोडलं असेल तर चोळण्याने टोकं सरकतात आणि साधा प्लास्टरचा मामला शस्त्रक्रियेवर जातो. मूठ वळवल्यावर एखादं बोट शेजारच्या बोटावर चढत असेल, उंचवटा खाली दबलेला दिसत असेल, किंवा हाडावर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे आधी. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी मनगटावर एक खळगी दिसते. त्या खळगीत दुखत असेल तर विशेष सावध राहायचं. तिथल्या नौकेच्या आकाराच्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो, तोवर हात बांधून ठेवायचा. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो आणि दुर्लक्ष केलं तर ते जुळतच नाही.

नाकातून रक्त आलं तर डोकं मागे टाकू नये, रक्त घशात जातं. बसून पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटं सलग दाबून धरायचा आणि तोंडाने श्वास घ्यायचा. रक्त थांबल्यावर नाकाच्या आत, मधल्या पडद्यावर मऊ फुगवटा दिसला आणि नाक चोंदलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. साचलेलं रक्त काढलं नाही तर आतली कूर्चा मरते आणि नाक बसतं. भुवई फुटली तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, हळदपूड भरायची नाही, टाके आणि धनुर्वाताची सुई घ्यायची. पक्का दात मुळासकट पडला, तर तो वरच्या भागाला धरून उचलायचा, घासायचा नाही, आणि दुधात ठेवून तासाभरात दंतवैद्य गाठायचा. एकमेकांचे ओले ग्लोव्ह्ज वापरल्याने गजकर्ण होतं, म्हणून पट्टी प्रत्येकाची वेगळी, रोज धुतलेली. डोळ्यावर मार बसल्यावर ठिपके किंवा चमका दिसणं, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं, ही डोळ्याचा पडदा सुटत असल्याची खूण असते. त्याला उद्यावर टाकू नये.

आणि डोकं. ग्लोव्ह्ज मारणाऱ्याचा हात वाचवतात, मार खाणाऱ्याचा मेंदू नाही. डोक्यावरचं हेडगार्ड कातडी फुटण्यापासून वाचवतं, पण मेंदूला बसणारा हादरा ते थांबवत नाही. हनुवटीवर किंवा जबड्याच्या बाजूने ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं, कवटी आधी वळते आणि मऊ मेंदू मागे राहून ताणला जातो. शुद्ध गेलीच पाहिजे असं नाही. डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, उजेड नकोसा होणं, आत्ता काय झालं ते न आठवणं, उगाच चिडणं किंवा रडू येणं, यातलं एक लक्षण पुरेसं आहे. त्या दिवशी तो पुन्हा खेळणार नाही, कितीही ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइलही बाजूला. मग चालणं, हलकी धाव, शॅडो, पोतं, असं एका दिवसात एक पायरी. लक्षण परत आलं की एक पायरी मागे. समोरासमोरचा सराव डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. पहिला हादरा भरण्याआधी दुसरा बसला, तर विशेषतः कोवळ्या वयात मेंदू झपाट्याने सुजून मृत्यू आल्याच्या घटना वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत. म्हणूनच हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्याच्या माराने सामना थांबला, की बॉक्सरला किमान 30 दिवस रिंगबाहेर ठेवतात.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून न उठणं, एक बाहुली मोठी आणि एक लहान, झटका, हातापायातली शक्ती जाणं, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणं, यातलं काही दिसलं तर 108 बोलवा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. बोरी अरबकरांसाठी ते यवतमाळचं श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. डोकेदुखीवर अॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर तो वाढतो.

बॉक्सिंगने मेंदू झिजतो हे काही नवं नाही. अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी 1928 मध्येच मार खाऊन खाऊन अडखळत चालणाऱ्या, जड जिभेने बोलणाऱ्या बॉक्सरांचं वर्णन लिहून ठेवलंय. ते धंदेवाईक, वर्षानुवर्षं लढलेले लोक होते. तीन फेऱ्यांच्या, पंच आणि डॉक्टर हजर असलेल्या हौशी सामन्यांतला धोका त्याहून बराच कमी असतो. पण तो शून्य नाही, आणि ज्याला हे मायबापांना सांगता येत नाही त्याने पोरांना बॉक्सिंग शिकवू नये.

म्हणून दुसऱ्या भागासाठी, समोरासमोरच्या सरावासाठी, गाव सोडावं लागेल. यवतमाळच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात शालेय स्पर्धांची, प्रशिक्षकांची आणि क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची माहिती मिळते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची पायरी तिथूनच सुरू होते. प्रशिक्षक पारखायला फार अक्कल लागत नाही. तो आल्या दिवशी लढायला लावतो की आधी महिनाभर उभं राहायला शिकवतो? दात-संरक्षकाशिवाय समोरासमोरचा सराव होऊ देतो का? सारख्या वजनाची, सारख्या अनुभवाची जोडी लावतो का? डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला बसवतो, की ‘मर्द बन’ म्हणतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वाईट असेल तर बाकीची तीन चांगली असूनही तिथून निघावं. फेब्रुवारी 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेला तात्पुरती मान्यता दिली आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ कायम राहिला. पुढे जाण्याची वाट उघडी आहे, घाई करण्याचं कारण नाही.

शेवटी एक विनंती, गावच्या मंडळांना आणि शाळांना. गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात गंमत म्हणून दोन न शिकलेल्या पोरांना ग्लोव्ह्ज घालून लोकांसमोर उभं करू नका. तेवढ्याच पैशांत दोऱ्या, हात बांधायच्या पट्ट्या आणि एक चांगलं भरलेलं पोतं येतं. ते शाळेच्या पटांगणात टांगा, चुन्याने 6.1 मीटरचा चौकोन आखा, आणि सहा महिने कुणालाही कुणाच्या तोंडावर मारू देऊ नका.